अपडेटची वाट पाहताना

फोनवर व्हॉट्सॲपची एखादी नवी सोय येते. दोन दिवसांत ती बहिणीच्या लॅपटॉपवरही दिसायला लागते. घरच्या ग्रुपवर "तुमच्याकडे आलं का?" अशी विचारपूस सुरू होते. तुमच्या लॅपटॉपवर मात्र तिचा पत्ताच नसतो. तुम्ही ॲप बंद करून पुन्हा उघडता, मग लॅपटॉप रीस्टार्ट करता, वायफाय बंद-चालू करून पाहता. तरी काही नाही!

ओळखीचं वाटतंय ना?

अशा वेळी काही जण "जाऊ दे" म्हणून सोडून देतात. काही जण दर तासाला तपासत बसतात. आणि काही जण सर्चमध्ये 'नवीन व्हर्जन डाउनलोड' असं टाकून जी पहिली लिंक समोर येईल तिच्यावर क्लिक करतात. पहिल्या दोघांचं फार काही बिघडत नाही. तिसऱ्याचं मात्र बरंच काही बिघडू शकतं. म्हणूनच आजच्या सदरात या वाट पाहण्याबद्दल बोलूया. अपडेटला उशीर का होतो, त्या काळात काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, आणि कुठला उशीर खरं तर आपलाच असतो, हे सगळं एकदा समजून घेऊ.

ही वाट जुनीच आहे

व्हॉट्सॲप सुरू झालं २००९ मध्ये, आणि ते फोनसाठीच होतं. कंप्युटरवर ते वापरायची पहिली सोय आली जानेवारी २०१५ मध्ये, 'व्हॉट्सॲप वेब' या नावानं. तीही सुरुवातीला फक्त क्रोम ब्राउझरमध्ये चालायची. ज्यांच्याकडे आयफोन होता त्यांना तर ती मिळालीच नाही. त्यांना त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंत थांबावं लागलं. ब्राउझरशिवाय चालणारं, विंडोज आणि मॅकसाठीचं वेगळं ॲप आलं मे २०१६ मध्ये.

आता खरी गंमत पुढे आहे. फोनवर व्हिडिओ कॉल सुरू झाले नोव्हेंबर २०१६ मध्ये. कंप्युटरच्या ॲपवर ते कधी आले असतील? मार्च २०२१ मध्ये! म्हणजे चार वर्षांहून जास्त वाट. आणि मध्ये कोणता काळ होता, आठवा. २५ मार्च २०२० पासून अख्खा देश घरात बसला होता. मुलगा पुण्यात, आई-बाबा इंदूरला, मुलगी टोरंटोत, आणि सगळ्यांची भेट फक्त स्क्रीनवर. ज्या आजीला फोनच्या छोट्या स्क्रीनवर नातवाचा चेहरा नीट दिसत नव्हता, तिच्यासाठी घरात मोठ्या स्क्रीनचा कंप्युटर होता. त्या कंप्युटरवर व्हॉट्सॲपही होतं. पण त्यावरून कॉल लागत नव्हता. मग कोणी झूम शिकलं, कोणी गुगल मीट, कोणी फोन डब्याला टेकवून ठेवला.

२०२० च्या ३१ डिसेंबरला जगभरात व्हॉट्सॲपवरून १४० कोटींहून जास्त व्हॉइस आणि व्हिडिओ कॉल झाले, असं कंपनीनंच सांगितलं होतं. एका दिवसातला तो तेव्हाचा विक्रम होता. तरीही कंप्युटरच्या ॲपवर कॉलचं बटण यायला आणखी दोन महिने जायचे होते. आणि ते आलं तेव्हाही एका वेळी एकाशीच बोलता यायचं. विंडोजच्या नव्या ॲपवर आठ जणांचा व्हिडिओ कॉल आणि बत्तीस जणांचा ऑडिओ कॉल करायची सोय आली मार्च २०२३ मध्ये. मॅकवाल्यांना त्यासाठी ऑगस्ट उजाडला. आयपॅडवाल्यांची कहाणी तर विचारूच नका. त्यांना स्वतंत्र ॲप मिळालं मे २०२५ मध्ये.

तेव्हा तुमचं अपडेट दोन आठवडे उशिरा येतंय म्हणून जीव कासावीस होत असेल, तर जरा श्वास घ्या. तुम्ही एका मोठ्या आणि जुन्या रांगेत उभे आहात.

एवढा उशीर लागतो कशाला?

कंपनी आळशी आहे म्हणून, असं म्हणणं सोपं आहे. खरं कारण थोडं वेगळं आहे, आणि ते समजलं की बाकीच्याही बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचे सगळे मेसेज 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन'नं पाठवले जातात. सोप्या भाषेत सांगायचं तर मेसेज तुमच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि समोरच्याच्या फोनमध्येच उघडतो. मधल्या वाटेवर तो कोणालाही वाचता येत नाही, अगदी कंपनीलाही नाही. कुलपाची किल्ली असते तुमच्या फोनमध्ये.

आता विचार करा. किल्ली फोनमध्ये आहे, तर कंप्युटरवर मेसेज दिसणार कसा? त्यावर सुरुवातीला काढलेला तोडगा असा होता की कंप्युटरनं सगळं काही फोनला विचारून करायचं. कंप्युटरवर तुम्हाला दिसायचं ते फोनमधलंच, आरशात दिसावं तसं. म्हणूनच तेव्हा फोनची बॅटरी संपली किंवा फोनचं इंटरनेट गेलं, की कंप्युटरवरचं व्हॉट्सॲपही ठप्प व्हायचं. "फोन कनेक्टेड नाही" ही पिवळी पट्टी अनेकांना आठवत असेल.

हे बदलायचं तर नुसतं एक बटण वाढवून भागणार नव्हतं, पायाच नव्यानं घालावा लागणार होता. जुलै २०२१ मध्ये कंपनीनं नवी रचना चाचणीसाठी बाहेर काढली. तिच्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःची वेगळी किल्ली मिळाली. फोनसोबत आणखी चार उपकरणं जोडता येऊ लागली. आता तुम्ही मावशीला "पोचलो" असा एक मेसेज पाठवलात आणि मावशीचा फोन, लॅपटॉप आणि टॅब असं सगळं जोडलेलं असेल, तर तुमचं ॲप त्या एका मेसेजच्या वेगवेगळ्या कुलूपबंद प्रती करतं आणि प्रत्येक उपकरणाला त्याची त्याची प्रत धाडतं. एकच पत्र तीन पाकिटांत, तीन वेगळ्या कुलपांत. त्यामुळे मावशीचा फोन बंद असला तरी लॅपटॉपवर तिला मेसेज वाचता येतो.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण यात एक जरी पाकीट चुकीच्या पत्त्यावर गेलं, तरी लोकांच्या खासगी गप्पांचा प्रश्न आहे. घराचं दार रंगवायला एक दिवस पुरतो. दाराचं कुलूप बदलायचं असेल तर मात्र आपणही सुताराला म्हणतो, "सावकाश करा, पण नीट करा."

एक मात्र खरं, की वाट पाहून मिळालेली गोष्ट कायम टिकेलच असं नाही. विंडोजसाठी खास बनवलेलं ॲप २०२२ मध्ये चाचणीतून बाहेर आलं. ते वेगवान होतं, लोकांना आवडलंही. आणि २०२५ मध्ये कंपनीनं ते बदलून पुन्हा वेब तंत्रावर चालणारं ॲप आणायला सुरुवात केली. नवं ॲप मेमरी जास्त खातं, अशी तक्रार अनेकांनी केली. म्हणजे अपडेट आलं की सगळं छानच होईल, हेही गृहीत धरू नका.

तिच्याकडे आलं, मग माझ्याकडे का नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त छळतो. तोच लॅपटॉप, तेच ॲप, तरी शेजारणीकडे नवी सोय आणि आपल्याकडे नाही.

याचं उत्तर दिवाळीच्या स्वयंपाकघरात आहे. चकलीचं पीठ मळून झालं की आई पहिला घाणा भरून तळत नाही. आधी एकच चकली तेलात सोडते. ती विरघळली तर पीठ सुधारायचं, मोडली तर मोहन बघायचं. एक चकली वाया गेली तर चालतं, सगळं पीठ वाया जाता कामा नये.

ॲप बनवणाऱ्या कंपन्या हेच करतात. नवं व्हर्जन एकदम सगळ्यांना देत नाहीत. ॲपलच्या ॲप स्टोअरमध्ये टप्प्याटप्प्यानं अपडेट देण्याची जी सोय आहे, ती सात दिवसांची असते. पहिल्या दिवशी एक टक्का लोकांना, दुसऱ्या दिवशी दोन टक्के, मग पाच, दहा, वीस, पन्नास आणि सातव्या दिवशी शंभर टक्के. मध्येच काही गडबड दिसली तर कंपनी तिथेच थांबते. तुम्ही सातव्या दिवसाच्या गटात असाल तर तुम्हाला उशीर झाला असं वाटतं. वास्तविक तुम्ही शेवटच्या घाण्यातली नीट तळलेली चकली खात असता!

आणखी एक गंमत असते. कधीकधी ॲपचं व्हर्जन दोघींकडे अगदी सारखं असतं, तरी सोय एकीलाच दिसते. कारण सोय ॲपमध्ये आलेली असते, पण ती चालू करायचं बटण कंपनीच्या सर्व्हरवर असतं. ते बटण कोणासाठी कधी दाबायचं हे कंपनी ठरवते. अशा वेळी तुम्ही लॅपटॉप दहा वेळा रीस्टार्ट केलात तरी काही उपयोग नाही. तुमच्या हातात काहीच नसतं. नुसतं थांबायचं.

सगळ्यांना एकदम अपडेट दिलं तर काय होतं, हे जगानं १९ जुलै २०२४ रोजी पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट जगभरातल्या कंप्युटरवर गेलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार विंडोजची सुमारे ८५ लाख उपकरणं बंद पडली, निळा स्क्रीन दाखवून अडून बसली. विमानतळांवर रांगा लागल्या. आपल्याकडे तर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ते अपडेट उशिरा आलं असतं, थोड्याच लोकांना आधी गेलं असतं, तर बहुतेकांच्या लक्षातही आलं नसतं.

उतावळेपणाचा फायदा कोण घेतं?

आता मुद्द्याची गोष्ट. आपण एखाद्या गोष्टीची वाट पाहतोय हे जसं आपल्याला माहीत असतं, तसं ते चोरांनाही माहीत असतं.

जून २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी 'पिंक व्हॉट्सॲप'बद्दल लोकांना सावध केलं होतं. मेसेज असा फिरत होता, की व्हॉट्सॲपचं नवं गुलाबी रूप आलंय, त्यात जास्तीच्या सोयी आहेत, या लिंकवरून घ्या. लिंक दाबली की फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर शिरायचं. फोटो, कॉन्टॅक्ट, ओटीपी, बँकेची माहिती, सगळंच धोक्यात. आणि वाईट म्हणजे तोच मेसेज तुमच्या नावानं तुमच्या कॉन्टॅक्टमधल्या लोकांनाही जाऊ शकायचा. काकांकडून आलेला मेसेज म्हणून पुतण्या दाबणार, पुतण्याकडून आला म्हणून त्याचे मित्र दाबणार.

कंप्युटरवरही हीच युक्ती वेगळ्या कपड्यांत येते. सर्चमध्ये वरच जाहिरात दिसते, पान हुबेहूब खऱ्यासारखं, हिरवं चिन्ह, मोठं 'डाउनलोड' बटण. फक्त वेबसाइटच्या पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तसं घाईत आपण पत्ता वाचतच नाही.

म्हणून एक नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मेसेजिंग ॲपचं अपडेट मेसेजमधून कधीही येत नाही. ते येतं फक्त प्ले स्टोअर, ॲपलचं ॲप स्टोअर, मायक्रोसॉफ्ट स्टोअर किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून. ग्रुपवर कोणीही, अगदी सख्ख्या भावानं पाठवलेली अपडेटची लिंक असली तरी ती दाबायची नाही. भावाला फोन करून विचारायचं.

चुकून कोणी दाबलीच आणि पैसे गेले, तर १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा क्रमांक देशभर कुठूनही लावता येतो. लाजेखातर दोन दिवस गप्प बसू नका. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आणि आपण करतो तो उशीर?

आत्तापर्यंत आपण कंपनीच्या उशिराबद्दल बोललो. आता जरा आरसा आपल्याकडे वळवू.

स्क्रीनच्या कोपऱ्यात खिडकी येते, "अपडेट तयार आहे. आत्ता करू की नंतर?" आपण काय दाबतो? 'नंतर'. उद्याही 'नंतर'. परवाही 'नंतर'. नव्या इमोजीसाठी तळमळणारे आपणच, सुरक्षेचं अपडेट दारात उभं असतं तेव्हा त्याला ताटकळत ठेवतो.

याची किंमत काय असू शकते, त्याचं एक उदाहरण थेट या कंप्युटरच्या ॲपमधलंच आहे. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालं, की विंडोजवरच्या व्हॉट्सॲपमध्ये एक त्रुटी होती. आलेली फाइल ॲप एका प्रकारची आहे असं दाखवायचं, आणि उघडताना मात्र फाइलच्या नावातल्या शेवटच्या अक्षरांवरून ठरवायचं की ती कशानं उघडायची. म्हणजे कोणी मुद्दाम तशी फाइल बनवली, तर ती दिसणार फोटोसारखी आणि उघडल्यावर चालणार एखाद्या प्रोग्रॅमसारखी. तुम्हाला वाटणार लग्नाचा फोटो उघडला, आणि आत भलतंच काही सुरू होणार. २.२४५०.६ या व्हर्जनमध्ये ही त्रुटी दुरुस्त झाली. ज्यांनी अपडेट घेतलं होतं त्यांचा प्रश्न मिटला. जे 'नंतर' दाबत बसले होते, त्यांच्या घराचं दार तोवर उघडंच राहिलं.

याहून मोठं उदाहरण २०१७ चं. विंडोजमधल्या एका त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. सुमारे दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, 'वॉनाक्राय' नावाचा हल्ला सुरू झाला. त्यानं त्याच त्रुटीचा फायदा घेतला. सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून जास्त कंप्युटर त्यात सापडले. फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागायची, असा तो प्रकार. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांच्या काही कंप्युटरनाही फटका बसला. औषध दोन महिने कपाटात होतं, घ्यायचंच राहिलं.

म्हणून दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा. नव्या सोयीसाठी थांबायला लागलं तर खुशाल थांबा. सुरक्षेचं अपडेट मात्र आलं त्या दिवशी घ्या. रात्री जेवायला बसताना 'अपडेट करा' दाबलं, तर जेवण होईपर्यंत बहुतेक वेळा काम झालेलं असतं.

अपडेट खरंच अडकलंय का? असं तपासा

१. आधी ॲप पूर्ण बंद करा. खिडकीची फुली दाबली म्हणजे ॲप बंद झालंच असं नाही. विंडोजवर ते खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी लपून चालू असू शकतं. तिथून बंद करा आणि मग उघडा.

२. विंडोज असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडा. 'लायब्ररी' किंवा 'डाउनलोड्स' या भागात जाऊन अपडेट्स तपासा. मॅकवर ॲप स्टोअरमध्ये 'अपडेट्स' हा भाग असतो. ॲपलच्या टप्प्याटप्प्याच्या पद्धतीत, स्वतः जाऊन अपडेट मागणाऱ्याला ते आपला नंबर लागायच्या आधीही मिळू शकतं. आपोआप येण्याची वाट पाहणाऱ्याला मात्र रांग असते.

३. कंप्युटरची तारीख आणि वेळ बरोबर आहे ना, बघा. जुन्या कंप्युटरमध्ये आतली छोटी बॅटरी संपली की तारीख मागे जाते, आणि मग स्टोअरही नीट चालत नाही.

४. डिस्कवर जागा आहे का? 'डाउनलोड्स' फोल्डर एकदा उघडून पाहा. मागच्या चार वर्षांतल्या लग्नपत्रिका तिथे सापडतील.

५. विंडोज कोणतं आहे? विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्याहून जुनं काही वापरत असाल, तर ॲपचं अपडेट न येण्याचं कारण तेच असू शकतं. अशा वेळी ब्राउझरमधून व्हॉट्सॲप वेब वापरणं हा बरा मार्ग.

६. लॅपटॉपवर अचानक लॉगआउट झालं, तर ते अपडेटमुळेच असेल असं नाही. फोनवर १४ दिवस व्हॉट्सॲप वापरलं नाही, तर जोडलेली सगळी उपकरणं आपोआप सुटतात. गावी गेलेल्या आजोबांचा फोन बंद राहिला असेल, तर घरच्या कंप्युटरवर हेच होतं. फोन चालू करून पुन्हा क्यूआर कोड स्कॅन केला की झालं.

७. ॲप काढून पुन्हा टाकायची वेळ आली तर घाबरू नका. तुमचं मूळ खातं फोनवर आहे. मात्र एखादी महत्त्वाची फाइल फक्त कंप्युटरवरच उतरवलेली असेल, तर ती आधी दुसरीकडे ठेवा. आणि त्यानिमित्तानं फोनवर 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून यादी बघाच. जुन्या ऑफिसचा कंप्युटर, झेरॉक्सच्या दुकानातला कंप्युटर असं काही अजून जोडलेलं असेल, तर ते लगेच काढून टाका.

एवढं करूनही सोय दिसत नसेल, तर तुमच्याकडून काही राहिलेलं नाही. तुमचा टप्पा यायचाय, इतकंच.

'बीटा' व्हर्जन घ्यावं का, असंही काही जण विचारतात. बीटा म्हणजे ती तेलात सोडलेली पहिली चकली. आवड असेल, थोडीफार गडबड सोसायची तयारी असेल, तर जरूर घ्या. पण ज्या कंप्युटरवर तुमचं कामकाज चालतं, किंवा ज्यावरून आई-बाबा रोज लेकीशी बोलतात, त्यावर नको.

काही अपडेट्स येतच नाहीत

आणखी एक गोष्ट, विशेषतः तुमच्यापैकी ज्यांनी सायबर कॅफेत तासाच्या हिशेबानं पैसे मोजलेत त्यांच्यासाठी. तुमचं पहिलं चॅटिंग बहुधा याहू मेसेंजरवर झालं असेल. त्याचा पिवळा हसरा चेहरा, 'बझ' केलं की हलणारी खिडकी. ते १७ जुलै २०१८ रोजी बंद झालं. परदेशातल्या मुलांशी आई-बाबांना पहिल्यांदा चेहरा बघून बोलायला लावणारं स्काइप २००३ मध्ये सुरू झालं आणि ५ मे २०२५ रोजी बंद झालं. या ॲप्सचेही चाहते होते, तेही पुढच्या अपडेटची वाट पाहत होते. एक दिवस अपडेटऐवजी निरोपाची सूचना आली.

कोणतंही ॲप कायमचं नसतं. म्हणून आपली माणसं आणि आपल्या आठवणी एकाच ॲपच्या भरवशावर ठेवू नका. बाबांचा आवाज असलेली ऑडिओ क्लिप, आजीनं पाठवलेली लोणच्याची कृती, बाळाचं पहिलं पाऊल, असं जे काही चॅटमध्ये अडकून पडलंय, ते काढून एखाद्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवा. महत्त्वाचे फोन नंबर एका वहीत लिहा. हो, कागदाच्या वहीत.

या रविवारी अर्धा तास काढा. घरातल्या कंप्युटरसमोर बसा आणि वरचे सात मुद्दे एकदा तपासा. आई-बाबा किंवा सासू-सासरे दुसऱ्या गावी असतील, तर त्यांना फोन लावा आणि एकेक पायरी सांगत त्यांच्याकडूनही करून घ्या. "ते 'नंतर' दाबू नका हं, 'आत्ता' दाबा," एवढं नक्की सांगा. अपडेट होईपर्यंत टक्क्यांचा आकडा हळूहळू वाढत राहील. तेवढ्या वेळात निवांत गप्पा होतील, आणि त्यासाठी कुठल्याच नव्या सोयीची गरज नाही.